सालींची पिशवी

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तेव्हा भद्रावतीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत ती रोज असायची. कोणी संत्रं सोललं की पिशवी उघडून ओरडायची, "फेकू नका, इकडे टाका!"

"गाय आहे का तुले?" मी विचारलं.

"नाई बाई. क्वार्टरमागची माती कोळशाच्या धुळीनं मेली. तिले खाऊ घालून राह्यली. नवरा म्हणते, या पावसाळ्यात काई उगवलं नाई, तर फरशी टाकतो."

मग काय, आख्खी बस साली पुढं पाठवू लागली. कंडक्टरसुद्धा!

पावसाळा सरता सरता ती हातभर लवकी, म्हणजे दुधी भोपळा, नाचवत चढली. "घ्या, तुमच्या साली परत आणल्या!"

बस उठून पाहू लागली.

"अन् फरशी?" मी ओरडले.

"कायची फरशी! नवरा वेलाले मांडव बांधून राह्यला."