शटरमधलं तेल

कुठल्याही यंत्रात थेंबभर तेल सोडलं की ते सुरळीत चालतं, असं तुम्हीही मानता का? आमच्या घरात मानत होते. तेही पत्रकं छापून लोकांना समजुती तपासायला सांगणाऱ्या घरात.

बाबा गावोगाव अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत. त्यांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. खंडेनवमीला अवजारांची पूजा करायची नाही, हा आमच्या घरचा नियम. आई तो दरवर्षी मोडायची आणि तिच्या जुन्या कॅमेऱ्याला हळदकुंकू लावायची. पोटाशी धरून वरून बघायचा, पेटीसारखा कॅमेरा. नळदुर्गातल्या ज्या बायका स्टुडिओत परक्या पुरुषासमोर बसायच्या नाहीत, त्यांचे फोटो ती त्यांच्या घरी जाऊन काढायची.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या मुस्लिम मावशी, आमच्या खाला, मुलाकडे हैदराबादला कायमच्या राहायला निघाल्या. त्यांची आणि आईची मैत्री माझ्या जन्माआधीची. तरी आईकडे त्यांचा एकही फोटो नव्हता. अख्ख्या गल्लीचे काढले. हिचा काय, कधीही काढू, म्हणून राहूनच गेला. मी मोबाईल पुढे केला, तर खालांनी तोंड फिरवलं.

"नक्को. त्यो फोटो कुठं कुठं फिरतंय, कुणाला म्हाईत? तुझ्या अम्मीच्या पेटीत काढा, बसते मी."

आईनं रोल भरण्याआधी बटण दाबून बघितलं. काहीच हललं नाही. भिंगामागच्या शटरच्या पातळ पात्या मिटलेल्या, त्या उघडेनात. खाला दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की निघणार होत्या. हातात तेवढाच दिवस होता.

भिंगाच्या कड्यावर कुंकू दिसलं आणि मी पेटले. श्रद्धा, यंत्र, विज्ञान, सगळं ऐकवलं. आई शांतपणे पाट मांडत होती.

"झालं का पत्रक वाचून? आता स्क्रूड्रायव्हर घे."

समोरचं भिंग कुठवर फिरवलेलं आहे, तिथं पेन्सिलीची खूण करून मी ते काढलं. कुंकू फक्त बाहेर होतं, ब्रशनं झटकलं तसं गेलं. आत मात्र पात्यांवर तेलाचा चकचकीत थर. शटरच्या पात्या कोरड्या ठणठणीत लागतात. तेल लागलं की त्या एकमेकींना चिकटून बसतात.

"अहो, ह्यात तेल कुणी घातलं?" आईनं विचारलं.

बाबांनी पेपर खाली घेतला नाही. "मीच. दर नवमीला घालतो की. शिलाई मशीनला, कात्रीला, सायकलीला. तू पूजा करतीस, मी देखभाल करतो."

"म्हंजी नवमीचा मुहूर्त तुमाला बी लागतोच."

बाबांनी पेपराचं पान उलटलं. मागून आवाज आला, "पूजा न्हाय ती. तेलपाणी."

माझा राग कुठं ठेवावा मला कळेना. हसू तेवढं आलं.

लायटरमध्ये भरायचं पेट्रोल कापूस गुंडाळलेल्या कानकाडीवर घेऊन मी पात्या पुसल्या. उघडल्या. पेट्रोल उडालं आणि पुन्हा चिकटल्या, कारण खालचं तेल वर येत होतं. पुसायचं, बटण दाबायचं, वाळू द्यायचं, परत पुसायचं. दुपार त्यातच गेली. पात्या झपकन उघडमीट करू लागल्या, पण काटा एक सेकंदावर ठेवला की शटर रेंगाळायचं. आतली दातेरी चक्रं धुतली, त्यांच्या पट्टीचा स्क्रू ढिला करून ती केसभर सरकवली. उघडण्या-मिटण्याचे दोन आवाज मोबाईलवर टिपून मधलं अंतर तपासायचं होतं, तर दर वेळी हायवेवरचा एखादा ट्रक हॉर्न मारायचा. तेवढ्यात खाला डोकावल्या आणि मोबाईल बघून त्यांनी पदर ओढला.

"फोटो न्हाय खाला, आवाज घेतेय."

"शटरचा घे. माझा नक्को."

संध्याकाळी दोन आवाजांमधलं अंतर सेकंदाच्या अगदी जवळ आलं. मी भिंग खुणेवर बसवलं.

सकाळी खालांच्या अंगणात आई कॅमेऱ्यात वाकली. बांधलेल्या बोचक्यांशेजारी खाला ताठ बसल्या होत्या. "अगं हस की," आई म्हणाली. "दात न्हाईत," खाला म्हणाल्या, आणि तेवढ्यात हसल्या. टिक. एवढासाच आवाज, आणि आईनं रोल पुढे फिरवला.

रोल धुवायला पुण्याला पाठवला. आला तेव्हा बाबांनीच निगेटिव्ह खिडकीशी धरली आणि म्हणाले, "आलीय. हसताना आलीय." दोन फोटो छापले. एक आईनं ठेवला, दुसरा पाकिटातून हैदराबादला गेला.

तुमच्याही ओळखीत मोबाईल बघून तोंड फिरवणारं कुणीतरी असेल. त्यांची चेष्टा करू नका. याच आठवड्यात त्यांच्याकडे जा, फोटो कसा चालेल ते त्यांनाच विचारा, तसाच काढा आणि छापून त्यांच्या हातात द्या. पुढे कुणालाही पाठवू नका.