वजनावर घेतलेला बेस

धुळ्याच्या त्या दुकानदाराचं मी वाईट चिंतलं, आणि अगदी मनापासून चिंतलं. लोक म्हणतात राग धरून ठेवू नये, शरीराला बाधतो. मला नाही बाधला. उलट ते वर्षभर मला झोप छान लागायची, कारण सकाळी उठून काय करायचं ते ठरलेलं असायचं.

आमचं घर जळगावला, मेहरूणमध्ये. पुढच्या खोलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. केळीच्या बागांवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांची जुनी तांब्याची तार काढून मी नवी भरते. आबा, म्हणजे माझे वडील, साउंडवाले. लग्नं, हळदी, गणपती सगळं ते करायचे, पण त्यांचा जीव होता आमच्या वस्तीच्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत. बाबासाहेबांच्या रथापुढे आबांचा टेम्पो, हे मी कळायला लागल्यापासून बघत आले. त्या दिवशी आबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टेम्पोच्या पुढे चालायचे आणि ओळखीच्या माणसालाही लवकर ओळख द्यायचे नाहीत.

त्या वर्षी नवे बेस, म्हणजे खालचा दणका देणारे मोठे स्पीकर, घ्यायचे म्हणून आम्ही दोघं धुळ्याला गेलो. अठरा इंची स्पीकर हवे होते. आमच्याकडे स्पीकर घ्यायची एक रीत आहे, आणि ती मूर्खपणाची आहे. कागद कोणी वाचत नाही. स्पीकर हातात उचलून बघतात. मॅग्नेट जेवढं जड तेवढा माल भारी. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने आबांना खुर्चीत बसवलं, चहा सांगितला आणि स्पीकर उचलून थेट त्यांच्या मांडीवर ठेवला.

"वजन देखा आबा. बठ्ठी ताकद वजनमा शे."

सगळी ताकद वजनात आहे म्हणे. आबांचे गुडघे दबले, पण चेहरा खुलला. मागे सोनेरी स्टिकर होतं, दोन हजार वॅट. मी रोज तांब्याची तार हाताळणारी बाई, मला तरी विचारायचं सुचावं की हे वॅट कसले? सलग पेलायचे की डोळ्याचं पातं लवेपर्यंतचे? नाही सुचलं. आम्ही ते जड गोळे टेम्पोत घालून आनंदाने घरी आलो.

आबांनी स्टिकर बघून तेवढ्या ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लावला. यात त्यांचं काही चुकलं नाही, मालावर जे लिहिलंय त्यावरच माणूस जातो. मिरवणूक पाण्याच्या टाकीच्या चौकात आली तेव्हा ऊन मावळलं होतं पण रस्ता तापलेलाच होता. आधी आवाज दबला. मग जळालेल्या वार्निशचा वास आला, जो मला माझ्या दुकानातून पाठ आहे. आणि मग एकेक करून सगळे बेस गप्प झाले. पोरं हात वर करून नाचत होती ती तशीच थांबली. आबा वायरी हलवत राहिले, जणू वायरीचाच काही दोष आहे. शेवटी मंडळाचं कोणीतरी म्हणालं, "आबा, टेम्पो बाजूला घ्या." दुसऱ्या वस्तीचा साउंड मागवावा लागला. आबा टेम्पोला टेकून उभे होते, आणि मिरवणूक त्यांना वळसा घालून पुढे गेली.

जळालेले स्पीकर घेऊन आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. दुकान भरलेलं होतं, चार तालुक्यांचे साउंडवाले बसले होते. आबांपुढे चहा आला. दुकानदाराने कोनवर, स्पीकरच्या पुढच्या कागदी पडद्यावर, बोट दाबलं, हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्याला वाजवता येत नाही त्याला स्पीकर काय करणार? तुम्हा लोकांना नुसतं जोरात पाहिजे."

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. दोघं-तिघं हसलेसुद्धा. आबांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि उठले. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथून. आबांनी तो चहा का संपवला, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतर आबा चौकात जायचे बंद झाले. पेपर आणायला ते मागच्या गल्लीने लांबून जायचे. मंडळाला पुढच्या जयंतीचं विचारलं तर "बघू" एवढंच उत्तर आलं. बघू म्हणजे नाही, हे लहान पोरालाही कळतं. मला त्या दुकानदाराची माफी नको होती. माफीचं मी काय करू? मला तो तशाच भरल्या गर्दीत मान खाली घालून बसलेला बघायचा होता.

मी एक जळालेला स्पीकर टेबलावर उलटा टाकला आणि फाडला. मागचं रबरी टोपण कापलं तर खरं मॅग्नेट निघालं मध्यम, आणि त्याच्या पाठीला चिकटवलेलं लोखंडाचं कडं. नुसतं वजन वाढवायला. त्या कड्याचा आवाजाशी काडीचा संबंध नव्हता. आतली कॉइल बारकी, तार हलकी, कागदाच्या नळीवर गुंडाळलेली. आबांच्या मांडीवर ठेवलं होतं ते हे. मी खूप वेळ त्या कड्याकडे बघत बसले, आणि मग मला चक्क बरं वाटलं. आता माझ्या हाताला काहीतरी लागलं होतं.

मग मी चांगल्या स्पीकरांचे कागद वाचायला घेतले. परदेशी बनावटीचे, या धंद्यात वरच्या नंबरचे. एकेकाचं डिझाइन शेजारी ठेवून बघत गेले. कोणाची कॉइल केवढी, तार नळीच्या आतूनही गुंडाळली आहे का, मधोमध हवा जायला भोक किती मोठं, कोन मागेपुढे किती जाऊ शकतो. आणि मुख्य म्हणजे वॅटचा आकडा कसा काढला. प्रामाणिक कंपनी स्पीकर तासन्‌तास सलग वाजवते आणि मग आकडा देते. आमच्या सोनेरी स्टिकरवर होता तो क्षणभराचा झटका, तोही बहुतेक मनातला. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, मग ती ताकद घेईनाशी होते आणि आवाज बसतो. हे मला मोटारींमुळे माहीतच होतं. शेवटी मी निवडला तो निओडिमियम मॅग्नेटचा. हे मॅग्नेट लहान असून जोरदार ओढतं, म्हणून स्पीकर हलका. इतका हलका, की आबांनी उचलून बघितला आणि म्हणाले, "पोरी, तुलाही फसवलं."

तो दुकानदार दर हिवाळ्यात, लग्नाच्या हंगामाआधी, धुळ्यात मैदानावर साउंडवाल्यांना बोलवायचा. एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन सारख्या पेट्या. एका पेटीत त्याचा स्पीकर, दुसरीत ज्याची हिंमत असेल त्याचा. मी नाव दिलं. आबा नको नको म्हणत होते, तरी टेम्पो चालवायला आले आणि मैदानावर केबिनमध्येच बसून राहिले.

माझा स्पीकर पाहून तो हसला. "अक्का, हे तर लोणच्याच्या बरणीचं झाकण शे." चार जणांनी उचलून बघितला, तेही हसले. मी एवढंच म्हणाले की आवाज त्याच्या स्टिकरला शोभेल इतका ठेवा, आणि कोणी म्हणेपर्यंत बंद करू नका. सगळ्यांसमोर नाही म्हणायची त्याची सोय नव्हती. अ‍ॅम्प्लिफायरपाशी मीच उभी राहिले.

सुरुवातीला दोन्ही सारखे वाजले. तो मांडीवर ताल धरून बसला होता. हळूहळू त्याच्या पेटीचा आवाज बसायला लागला. साउंडवाल्यांचे कान तयार असतात, मागचे लोक उठून पुढे आले. त्याचा ताल थांबला. मग वास आला. तोच वास. मी तो छातीभरून घेतला, खोटं कशाला बोलू.

"अक्का, बंद करा," तो म्हणाला.

"ज्याला वाजवता येत नाही त्याला स्पीकर काय करणार?" मी म्हणाले आणि हात अ‍ॅम्प्लिफायरवर तसाच ठेवला.

त्याचा स्पीकर मेला. माझा वाजतच होता. मग मी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, पिशवीतून पाना, कटर आणि छिन्नी काढली, त्याचा स्पीकर पेटीतून सोडवून उलटा केला, रबरी टोपण कापलं आणि ते लोखंडी कडं उचकटून गर्दीत दिलं. ते हातोहात फिरलं. हसलं कोणीच नाही. ज्यांच्या ज्यांच्या घरी तसले स्पीकर होते ते फक्त त्याच्याकडे बघत राहिले. तो खुर्चीत बसून होता, मान खाली. मला वाटलं होतं तेवढ्याने माझं पोट भरेल. नाही भरलं. मला अजून हवं होतं.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. आबा खाली उतरले, सावकाश चालत आले. त्यांनी माझ्याकडून पाना घेतला, पेटीतून माझा स्पीकर सोडवला, अजून गरम होता तो, आणि नेऊन त्या माणसाच्या मांडीवर ठेवला.

"वजन बघा," आबा म्हणाले.

त्याने दोन्ही हातांनी तो धरला. दुसरं करणार काय?

परतताना पारोळ्याला आबांनी टेम्पो थांबवून दोन चहा सांगितले, आणि त्यांचा अर्धा तसाच सोडून उठले.

एप्रिलमध्ये मंडळाची माणसं स्वतः घरी आली. टेम्पोत आता तसलेच हलके बेस होते; आबा पांढऱ्या शर्टात पुढे चालले, मी मागे अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसले होते. पाण्याच्या टाकीच्या चौकात, त्याच जागी, आबांनी हात वर करून टेम्पो थांबवला. मागे वळले. डोळे भरलेले होते, पण आवाज रागाचाच होता.

"वाढव. धुळ्याला ऐकू गेलं पाहिजे."

नॉब अजून अर्ध्यावरच होता. मी तो फिरवला.