पाखरू कोणाच्या गोळीनं गेलं

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरखेडला ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा भाव पाडत होतो. टायरवाला जवळपास वाकला होता. सौदा तसाच टाकून मी ढाणकीचा रस्ता धरला. वाटेत रडू आलं नाही, राग आला. आमचा एक वाद वीस वर्षं लोंबकळत होता आणि हा माणूस त्याचा निकाल न लावता निघून गेला... महिना उलटला, राग उतरलेला नाही.

ढाणकीत रशीदचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. कोणीतरी दुरुस्तीला टाकलेला व्हिडिओ गेम न्यायला परत आलंच नाही, आणि आमचे दिवस सुरू झाले. मी तेव्हा भाड्याच्या मेटॅडोरने लोकांचा कापूस वाहायचो. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते जिभेच्या जोरावर. दुपारी मोकळा झालो की त्याच्या दुकानात. कॅसेट चालली नाही की मी फूक मारायचो आणि तो ती माझ्या हातातून हिसकायचा. "फूक कायले मारतं बे? थुंकी जाते आत." मग माझ्या गाडीतला चिमूटभर कापूस ओढून, पेट्रोलात बुडवून कॅसेट पुसायचा आणि म्हणायचा, "पाह्य, तुया कापसाले इथं तरी किंमत आहे."

तसाच काळ होता तो. सरकारी कापूस संकलन केंद्रासमोर बैलगाड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर दिवसेंदिवस रांगेत. घरी जावं तर नंबर जातो, थांबावं तर धंदा जातो. माझी गाडी अशीच अडकली असताना एका सकाळी रशीद सायकलवर लहानसा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही बांधून हजर. ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडल्या, कापसाच्या गाठोड्यावर टीव्ही ठेवला, आणि रांगेतले धोतरवाले म्हातारे रणगाडे चालवायला लागले. दोघांनी मिळून खेळायचा तो खेळ. खाली मधोमध विटांच्या भिंतीत एक पाखरू, ते सांभाळायचं. पाखरू मेलं की खेळ खलास, मग ते शत्रूच्या गोळीनं मरो की आपल्याच. एक आजोबा रणगाडा वळवताना सगळं अंगच वळवायचे आणि शेजारच्याच्या मांडीवर कलंडायचे. "बैल असता तं कवाच वळला असता," म्हणायचे. कापूस कोणी घेत नव्हतं, पण हसणं रांगेच्या शेवटापर्यंत पोचायचं.

एक दिवस आमच्या मागच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या दोघा भावांनी पैज लावली. जी जोडी खेळात जास्त पुढे जाईल, तिची गाडी रांगेत पुढे. मी लगेच हो म्हटलं, कारण रशीदसारखा खेळणारा पंचक्रोशीत नव्हता. भाऊ आधी खेळून मोकळे झाले. आम्ही त्यांना गाठलंच होतं. पडद्यावर शत्रूचा एकच रणगाडा उरला होता, तो मारला की आम्ही पुढे, आणि तेवढ्यात एक गोळी विटा फोडून पाखरात घुसली. गोळी आमचीच होती, दोघांपैकी एकाची. रंगीत टीव्हीवर एक रणगाडा पिवळा दिसतो, दुसरा हिरवा. या टीव्हीवर दोन्ही राखाडी.

"तुयी गोळी," मी म्हणालो.

"माह्यी? मी तं डाव्या कोपऱ्यात होतो."

"डाव्या कोपऱ्यात मी होतो."

"मंग तू इतका वेळ माह्याच रणगाड्याकडं पाहून राह्यला होता."

पैजेप्रमाणे भावांची गाडी पुढे गेली, त्यांचा कापूस मोजला गेला आणि लगेच, जागा नाही म्हणून काटा बंद झाला. माझी गाडी दारात. मी रशीदला नाही नाही ते बोललो. तो घरी गेला नाही. सकाळी चहाचा ग्लास पुढे करून म्हणाला, "घे. पण गोळी तुयीच होती." काटा उघडेपर्यंत दुकान बंद ठेवून तो माझ्याजवळ राहिला. त्या रांगेत जितका हसलो, तितका मी आयुष्यात पुन्हा हसलो नाही. तरी गोळी त्याचीच होती.

पुढे माझ्या स्वतःच्या गाड्या झाल्या. दर ईदला त्याची मुलगी शबाना शिरखुर्म्याची वाटी हातात द्यायची आणि आमचा खटला उघडायचा. मी तडजोडही सुचवली.

"अर्धी तुयी म्हण, अर्धी माह्यी."

"गोळी अर्धी नसते, शेठ."

एकदा तर, आता कबूल कर, म्हणून रंगीत टीव्ही नेऊन दिला. त्यानं टीव्ही ठेवून घेतला, कबूल काही केलं नाही. मला सौद्यात हरवणारा तो एकटाच.

परवा दुकानात गेलो. आता ते शबाना चालवते, मोबाइल दुरुस्त करते. म्हणाली, "चाचा, अब्बाचा गेम तसाच जोडून आहे. लावू?" मी दोघांचा खेळ निवडला. एकट्याच्या खेळावर बोट थांबलं नाही. त्याचा हिरवा रणगाडा पाखराशेजारी निमूट उभा होता. त्या बाजूनं येणाऱ्या गोळ्या स्वतःवर घेत होता... न हलता राखण करत होता. मला चेव आला. एकामागून एक टप्पे पार केले, सुसाट गोळ्या सोडल्या, आणि भिंत फुटून पाखरू गेलं.

"कोणाच्या गोळीनं?" शबानानं विचारलं. हिरव्या रणगाड्याचा रिमोट तिच्यासमोर काउंटरवर पडलेला होता.

"तुया बापाच्या," मी म्हणालो.

ती इतकी हसली की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मग रिकाम्या खुर्चीकडे मान वळवून म्हणाली, "ऐकलं का अब्बा? चाचा अजून भांडूनच राह्यले."

मी दुसरा डाव लावला. दोघांचाच.