बाई कोनी मारं

बबिता राठोडच्या तोंडाला लागू नये, याबद्दल घाटंजी तालुक्यातल्या मास्तरांचं एकमत होतं, आणि एवढ्या एका बाबतीत मास्तर बरोबर होते. तिला शिक्षकांच्या प्रशिक्षणांचा मनस्वी तिटकारा होता. चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसांना गोलात उभं करून पावसाची टाळी वाजवायला लावायची, मग चार्टपेपरवर झाड काढून त्याच्या पानापानांवर 'माझी मूल्ये' लिहायला सांगायची, हा प्रकार ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचं तोंड एकदा पाहायचं आहे, असं ती भर सभागृहात बोलून दाखवी. हळू बोलणं तिच्या घराण्यातच नव्हतं. तिचा बाप शंकरसिंग तांड्याच्या नाईकाशीसुद्धा आवाज चढवून बोलायचा, आणि पोरीला शिकवलं तेही भांडून, भावकीच्या नाकावर टिच्चून.

ती शिकवायची रामसिंग नाईकाच्या तांड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिलीला. सगळी पोरं बंजाऱ्यांची. घरात गोरबोली, शाळेत मराठी. सहा वर्षांचं पोर वर्गात येऊन बसतं, बाई काहीतरी बोलतात, पुस्तकात काहीतरी छापलेलं असतं, आणि पोर खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत राहतं. बबिता स्वतः पहिलीचं अख्खं वर्ष अशीच बघत बसली होती. तेव्हाच्या मास्तरांनी तिला मंदबुद्धी ठरवून टाकलं होतं. म्हणून ती सुरुवातीचे महिने सरळ गोरबोलीत शिकवायची, आणि पोरं बोलकी झाली की हळूहळू मराठीवर आणायची. हे केंद्रप्रमुखांच्या कानावर गेलं. ते आले, खुर्चीत बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "शाळा मराठी माध्यमाची आहे, मॅडम. उद्या कोणी गोंडी म्हणेल, कोणी कोलामी म्हणेल. आपण कुठवर पुरायचं?" झालं, बंदी आली. बबिताला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पहिलीला उघडपणे गोरबोलीत शिकवायची परवानगी. ती कोणी देईना.

अशात ते पायलट आलं.

समुद्रापलीकडचं एक विद्यापीठ आणि आपल्याकडचं एक विद्यापीठ यांनी मिळून 'आंतरसांस्कृतिक अध्यापन प्रमाणपत्र' नावाचा अभ्यासक्रम काढला. तो आधी लहान प्रमाणात करून बघायचा, म्हणून त्याला सगळे पायलट म्हणू लागले. तांड्यावर पायलट म्हणजे मंत्र्याच्या पुढे भोंगा वाजवत जाणारी गाडी. त्यामुळे बबिता पायलटमध्ये आहे हे कळल्यावर रामसिंग नाईकाने तिला मंत्री कधी येणार ते विचारून घेतलं.

या पायलटचे सांस्कृतिक समन्वयक होते घनश्याम सर. तालुक्यातल्या अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापक, घरची तुरीची आणि सोयाबीनची शेती, बोलण्यात वजन, वागण्यात अदब, आणि अंगात परदेशी जायची दांडगी हौस. अभ्यासक्रमात अदलाबदलीची एक फेरी होती: तिकडचे इकडे, इकडचे तिकडे. इकडून कोण जाणार हे सरांच्या मनात पक्कं होतं. त्यांनी त्या विद्यापीठाला कळवलं होतं की आपण जन्मापासून बंजाऱ्यांच्या शेजारी वाढलो, त्यांची बोली आपल्याला मातृभाषेसारखी. शेजारी वाढले हे खरं होतं. त्यांच्या बांधाला लागून तांडा होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या तांड्यावरच्या बायका त्यांच्या वावरात निंदायला येत. सरांना त्यांच्या बोलीतला एक शब्द येत नव्हता, कारण तशी गरजच कधी पडली नव्हती. निंदणाऱ्या बायकाच बिचाऱ्या मराठीत बोलत.

प्रशिक्षणांचा एवढा तिटकारा असूनही बबिताने नाव घातलं, टाळ्या वाजवल्या, झाडंही काढली. कारण गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शब्द दिला होता: प्रमाणपत्र मिळालं आणि पाठ बघायला त्या विद्यापीठाकडून येणाऱ्या परदेशी मॅडमनी शिफारस केली, तर पहिलीला गोरबोलीत शिकवायची लेखी परवानगी. एवढ्यासाठी ती गोलात उभं राहून बेडकासारखी उडीसुद्धा मारायला तयार होती, आणि एका सत्रात तिने ती मारली.

मॅडम तांड्यावर आल्या त्या दिवशी बबिताने जीव तोडून पाठ घेतला. सगळा गोरबोलीत, पायलटपुरती तेवढी मुभा होती. पोरं अशी बोलत होती की आवरेनात. मॅडमना कळत काही नव्हतं, पण चेहरा खुलला होता. पाठ झाल्यावर त्यांच्या नियमाप्रमाणे मुलांशी एकांतात बोलायचं होतं, शिक्षिकेने बाहेर थांबायचं. वर्गात मॅडम, पोरं आणि दुभाषा म्हणून घनश्याम सर.

बबिता खिडकीखाली उभी राहिली. आतून सरांचा आवाज आला, भाषणातल्यासारखा, "बाळांनो, तुम्हाला शाळेत कोणी मारतं का?"

पोरांनी एका सुरात सांगितलं, "कोनी."

गोरबोलीत 'कोनी' म्हणजे नाही. सगळ्यांच्या आधी मोतीबाईची नात जमनी उभी राहिली, आणि तिने पुरं वाक्य केलं, "बाई कोनी मारं." बाई मारत नाहीत. खिडकीखाली बबिता सुखावली. तिला वाटलं, जिंकलो. पुरं वाक्य कर, पुरं वाक्य कर, म्हणून महिनाभर पोरीच्या मागे लागली होती, त्याचं चीज झालं. तिने पदर सारखा केला आणि पाहुण्यांसाठी शेव-चिवड्याच्या बशा भरायला घेतल्या.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बशीला हात लावला नाही. घनश्याम सर खाली मान घालून उभे होते, एखाद्याच्या दहनाला आल्यासारखे.

"राठोड मॅडम," ते म्हणाले, "काय करून बसल्या तुम्ही हे? पोरं रडकुंडीला येऊन सांगून राह्यली. तुम्हाले कोणी मारते का, तर म्हणतात 'कोणी'. कोणीतरी मारते, नाव सांगाले भेतात. एका पोरीनं तर उभं राहून सांगतलं, बाई मारते म्हणून."

बबिताला हसूच आलं. हसायला नको होतं. मॅडमनी ते हसू पाहिलं आणि त्यांचे ओठ आणखी घट्ट मिटले.

"सर, 'कोनी' म्हणजे नाही," ती म्हणाली. "बाई मारत नाहीत, असं सांगितलं तिनं." मग मॅडमकडे वळून तिने जमेल तशा इंग्रजीत तेच सांगितलं. मॅडमनी सरांकडे पाहिलं. त्यांना भाषा माहीत असलेला माणूस ठाऊक होता तो एकच.

सरांच्या कपाळावर घाम आला. त्या क्षणी त्यांना कळलं होतं. निंदणाऱ्या बायका आयुष्यभर बांधावरून एकमेकींना ओरडून सांगत होत्या तो शब्द त्यांच्या कानात आत्ता कुठे उतरला. पण तो उतरला असं कबूल करायचं तर परदेशवारी गेली. ते मॅडमना शांतपणे म्हणाले की या भागात 'कोणी' म्हणजे कोणीतरी, कुणालाही विचारा. हे अर्धं खरं होतं, आणि म्हणूनच संतापजनक होतं.

मॅडम न्यायाच्या बाई होत्या. एकाच्या शब्दावर जायचं नाही, म्हणून त्यांनी जमनीच्या आजीला बोलावलं. मोतीबाई आली. नातीच्या बाईवर काहीतरी बालंट आलंय एवढं तिला कळलं होतं. सरांनी विचारलं, आणि ती छाती बडवत सांगू लागली, "बाई कोनी मारं, सायेब, बाई कोनी मारं." जितकी ती कळवळून बबिताची बाजू घेत होती, तितके मॅडमचे डोळे भरून येत होते. शेवटी त्यांनी म्हातारीला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. मोतीबाईला वाटलं, पटलं बाईला. तिनेही त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दोन संस्कृतींचा मिलाफ म्हणतात तो पायलटभर हा एवढाच झाला.

मुलांना मारणं हा गुन्हा आहे. नोकरी जाते, नाव जातं. बबिता घरी गेली नाही. शाळेच्या ओट्यावर बसून राहिली. मॅडम गाडीत बसल्यावर सर परत आले, इकडेतिकडे बघून जवळ बसले.

"मॅडम, तुम्ही कायले टेन्शन घेऊन राह्यल्या? मी सांभाळलं ना सगळं. त्या मॅडम पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर पोरायशी पुन्हा बोलते म्हणाल्या. दुसरा दुभाषा राहीन, पुण्याचा. तुम्ही पोरायले फक्त 'नाही' म्हणाले शिकवा. दोन अक्षरं. तुमचंही काम होते, माझंही."

"तुमचं कायचं काम?" बबिता म्हणाली. "तुम्हाले समजलं होतं, सर. मी तोंड पाह्यलं तुमचं."

सर उठले. पँटची धूळ झटकली आणि गेले.

त्या रात्री तिने त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की गोरबोलीतल्या संपल्यावर मराठीतल्या घेतल्या. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पोरांना 'नाही' शिकवलं. दुसरा इलाज नव्हता. पुण्याच्या माणसालाही 'कोनी' म्हणजे कोणीतरीच वाटणार होतं. बोलीसाठी ती भांडत होती आणि आता बोलीतलाच शब्द पोरांच्या तोंडातून काढायला बसली होती. पोरं विसरायची, 'कोनी' म्हणायची, हसायची. ती दरडावायची, "नाही म्हणा. मोठ्यांदा." पोरांना तो खेळच वाटला. स्क्रीनवरचे पाहुणे काही विचारतील, की आपण 'नाही' म्हणायचं. जो जोरात म्हणेल त्याला गोळी. हुशार पोरं ती, आठवडाभरात तयार झाली.

व्हिडिओवर पुण्याचा दुभाषा सज्जन निघाला. या वेळी बबिताला खोलीत बसू दिलं, फक्त बोलायची मनाई होती.

"तुम्हाला शाळेत कोणी मारतं का?"

"नाही."

छताचे पत्रे वाजले. स्क्रीनवर मॅडमचा चेहरा सैलावला. बबिताने श्वास सोडला. घनश्याम सरांनी दारातून अंगठा दाखवला.

मग मॅडमनी आणखी एक प्रश्न विचारला. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, त्यांच्या अभ्यासाचा तो गाभाच होता. दुभाष्याने तो सावकाश, प्रेमाने मराठीत केला, "बाळांनो, तुम्हाला शाळेत तुमच्या घरच्या भाषेत शिकायला आवडेल का?"

"नाही," पोरं ओरडली. जमनी बाकावर चढून ओरडली.

बबिता अर्धी उठली. दुभाष्याने हात वर करून तिला थांबवलं. नियम म्हणजे नियम. तालुक्यात कुणाला न घाबरणारी ती बाई खाली बसली. बोलायचं तर काय बोलायचं होतं? हे उत्तर मीच पढवलंय, म्हणून?

प्रमाणपत्र आलं. सोनेरी किनार, दोन विद्यापीठांची चिन्हं. सोबत मॅडमची शिफारस: शिक्षिकेवरील आरोप निराधार, मुलांचं मराठी उत्तम, घरच्या भाषेतून शिकण्याची मुलांची स्वतःचीच इच्छा नाही, आणि मुलांच्या इच्छेचा आदर व्हावा. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ते वाचून फाईल बंद केली. केंद्रप्रमुखांनी पेढे मागितले. घनश्याम सर परदेशी जाऊन आले, तिथे त्यांनी बंजारा भाषेवर व्याख्यान दिलं, आणि ते फार गाजलं असं ते स्वतः सांगतात.

त्यानंतर मोतीबाई एकदा शाळेत आली. बबिताशी ती आजवर गोरबोलीतच बोललेली. त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलली, मान म्हणून.

"बाई, तुह्ये लय उपकार झाले. आमची जमनी आता घरी पन मराठी बोलते. मी म्हनलं भाकर खातं का, तं म्हने नाही. मी म्हनलं आपल्या बोलीत बोल मायासंग, तं म्हने नाही. साहेबाची पोरगीच झाली."

म्हातारी कौतुकाने हसत होती. बबिताला इतकी लाज वाटली की तिला वर बघवेना. तिने मोतीबाईला बसायला खुर्ची दिली, आणि पाणी आणते म्हणून मागच्या बाजूला गेली.