खाली दोरी धरणारे वस्ताद

आमचे हे वीज कार्यालयात झाडं छाटायच्या कामावर. बावीस वर्षं तेच. तारांना टेकलेलं झाड दिसलं की चढायचं, शेंडे साफ उडवायचे आणि उतरायचं. दिवसात सात-सात झाडं बोडकी करत, म्हणून सगळे ‘वस्ताद’ म्हणत. तो मान ह्यांना फार गोड लागायचा.

मग साहेबांनी त्याच कामावर असलेल्या ह्यांच्या धाकट्या भावाला महिनाभर छाटणी शिकायला पाठवलं. भावजी परत आले ते वेगळाच हात घेऊन. एका झाडाला अर्धा दिवस! तारेकडे वळलेली तेवढीच फांदी निवडायची, आधी खालून थोडा काप, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही. शेवटचा काप बुंध्याजवळ जिथे फांदी जाड होते त्याच्या जरा बाहेरून. झाडाला कुणी हात लावलाय असंही वाटायचं नाही, पण दोन-दोन वर्षं फांदी तारेकडे फिरकत नसे. ह्यांच्या बोडक्या झाडांना मात्र वर्षाच्या आत झाडूसारखे फुटवे यायचे.

हे ह्यांनाही दिसत होतं, तेच तर दुखणं. सुट्टीच्या दिवशी फिरायला म्हणून निघायचे आणि भावजींच्या झाडांखाली मान वर करून उभे राहायचे. घरी येऊन म्हणायचे, "दोन तास न्हाव्याच्या खुर्चीत आणि केस होते तेवढेच! असं काम आहे तुझ्या लाडक्या दिराचं." भावजींनी मुलांना खाऊ आणला तरी त्यातही ह्यांना टोमणा दिसायचा.

त्या वर्षी मुकादम निवृत्त होणार होते. जागा एक आणि उमेदवार दोन, दोन्ही आमच्याच घरातले. देवापुढे हात जोडले की ओठांवर ह्यांचं मागणं यायचं, आणि लगेच डोळ्यांपुढे जावेचा चेहरा. मग मी काही न मागताच उठायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिरीषाचं झाड होतं. आठ वर्षांपूर्वी ह्यांनीच त्याचे शेंडे उडवले होते. त्याचे फुटवे आता मांडीएवढे होऊन तारांत घुसले होते. साहेब स्वतः आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वर धाकटा चढेल. वस्ताद, तुम्ही खाली दोरी धरा."

दोरी धरणं हे नवशिक्याचं काम. मी दारातच उभी होते. ह्यांनी दोरी उचलली, पण साहेबांकडे पाहिलं नाही.

लाइन बंद झाल्याची खात्री झाली, रस्ता मोकळा केला आणि भावजी चढले. एका जाड, हिरव्यागार फांदीभोवती कमरेचा पट्टा टाकायला त्यांनी हात उचलला. खाली ह्यांची नजर त्या फांदीच्या बुडाशी गेली.

ती मूळची फांदी नव्हतीच. ह्यांच्या जुन्या कापाच्या कडेला चिकटून वाढलेला फुटवा होता तो. पानांत तो काप झाकून गेला होता, आणि तो कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं. ओरडायचं तर साहेबांसमोर, अख्ख्या गल्लीसमोर, आपलं काम आपणच वाईट म्हणायचं.

"ए, थांब! तिला पट्टा लावू नकोस!"

"का रे दादा? चांगली जाड आहे की."

"जाड आहे, पण बुडाशी पक्की नाही. माझा काप आहे तिथे. चुकीचा कापलाय मी! आत सडलं असेल. बुंध्याला बांध!"

भावजींनी पट्टा बुंध्याला बांधला आणि त्या फुटव्यावर पायाने नुसता दाब दिला. तो बुडापासून सुटला आणि धाडकन रस्त्यावर आला. बुडाशी लाकूड काळं, भुसभुशीत झालेलं.

मुकादमाची जागा भावजींना मिळाली. जाऊ ह्यांच्या पाया पडायला आली आणि रडायलाच लागली. हे म्हणाले, "रडतेस काय? तुझा नवरा अजून माझ्याइतका भरभर चढत नाही."

ह्यांच्या मनातली जळफळ गेली, असं मी लिहिणार नाही. आता हे भावजींसारखंच कापतात, आधी खालून, मग वरून. पण भावजी पाहणीला आले की करवत बोथट झाली म्हणतात, आणि ते जाईपर्यंत धार लावत बसतात.