अर्थिंगची वायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुमन, माझी बायको, घरी गाणं शिकवायची. तिच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून बारीक घरघर यायची आणि फ्रिज सुरू झाला की ती वाढायची. मला ती सहन होईना. घरातली वीज कुठेतरी सदोष आहे, हेच ती घरघर सांगत असणार. वायरमनला बोलवायचं सोडून मी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची वायर काढून टाकली. घरघर थांबली.

मग सुमन म्हणू लागली, "अहो, माईक धरला की बोटांना मुंग्या येतात."

"वय झालं बाईसाहेब आता," मी हसून म्हणालो.

एकदा ती घरात नसताना मी माईक हातात घेतला. मलाही मुंग्या आल्या; अर्थिंग नसल्याने वीज माईकमध्ये उतरत होती. तरी लाजेपोटी बोललो नाही. तिचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेवटी शिकवणीही बंद झाली.

आज सकाळी मी वायर परत जोडली आणि अ‍ॅम्प्लिफायर लावला. घरघर पुन्हा घरभर पसरली.

"पुन्हा घुमायला लागलं का हो?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"हो," एवढंच म्हणालो.

तिच्या हातांना काहीही झालेलं नाही, हे तिला सांगणं अजून बाकी आहे.