राजेश्रीचं टेम्प्लेट

सेलूच्या जिनिंगमध्ये कापसाचं वजन करता करता निवृत्त झालेल्या दत्तरावांची राजेश्री पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, तेही घरच्या मधल्या खोलीतून. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून ती इथेच आहे. पोरगी भारी धास्तीखोर. कुलूप लावून तीनदा ओढून बघेल आणि तरी देवगाव फाट्यावरून परत येईल.

कंपनीत एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. ती तपासणी चालते तो सर्व्हर बंद पडला की राजेश्रीनेच हाताने उभा करायचा, हा शिरस्ता. एके दिवशी पुण्याहून तिच्या वरिष्ठांनी, केयूर सरांनी, बजावलं, "तू नसतानाही तो उभा राहायला हवा. तरच सेलूत राहा, नाहीतर जूनपासून ऑफिसात ये."

बाबांना कोणाच्या भरवशावर सोडायचं? तीन आठवडे खपून तिने टेम्प्लेट लिहिलं. सर्व्हर केवढा, जागा किती, आत कोणाला येऊ द्यायचं, सगळं एकदाच लिहून ठेवायचं; मग कोणीही एक आज्ञा दिली की क्लाउडवर तस्साच सर्व्हर तयार. तिने तो चौदा वेळा पाडून पुन्हा उभारून पाहिला.

सोमवारी अकराला परीक्षा. चालवणार केयूर सर, हिने कशालाही हात लावायचा नाही. सहा मिनिटांत सर्व्हर उभा राहिला. तिच्याकडे तपासणीचं पान झटक्यात उघडलं. तेवढ्यात फोनवर सर म्हणाले, "इथे कोणाचंच उघडत नाहीये."

तिने पान पुन्हा उघडून पाहिलं, मग तिसऱ्यांदा.

"काय झालं माय?" कॉटवरून दत्तरावांनी विचारलं.

"बाबा, मला दिसायलंय, त्यान्ला न्हाई."

"मग तू घरातूनच बघितलं असशील. बाहेरून बघितलंस का?"

चौदाच्या चौदा वेळा याच खोलीतून! चाचणीपुरतं तिने फक्त घरच्या इंटरनेटला आत येऊ दिलं होतं, आणि ते टेम्प्लेटमध्ये तसंच राहून गेलं होतं. चार माणसांत बसणाऱ्याच्या हातून हे झालंच नसतं. गुपचूप सर्व्हरवर दुरुस्ती करायला दोन मिनिटं पुरली असती. बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. पण टेम्प्लेट चुकीचं ते चुकीचंच राहिलं असतं.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली.

आत कोणाला घ्यायचं ते टेम्प्लेटनेच आधी विचारावं, असा बदल तिने केला. सरांनी सर्व्हर पाडला, पुन्हा आज्ञा दिली. ती सहा मिनिटं तिने कशी काढली, तिचं तिलाच ठाऊक. मग पुण्यात अकरा जणांची पानं उघडली.

"झकास!" सर म्हणाले. "राहा खुशाल सेलूत. आता तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही."

हेच ऐकायला ती तीन आठवडे झटली होती. फोन ठेवला आणि तिच्या मनात आलं, काही अडत नाही म्हणजे आता माझी गरजच उरली नाही की काय?